तापवलेल्या चुंबकातून स्पिन प्रवाह: यिग-प्लॅटिनमवर स्पिन सीबेक परिणाम मोजायचा कसा आणि त्यावर विश्वास ठेवायचा कधी

यिट्रियम आयर्न गार्नेट, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत ‘यिग’, हा विद्युतरोधक चुंबक आहे. त्यातून वीज वाहत नाही. पण त्यावर ५ नॅनोमीटर जाडीचा प्लॅटिनमचा थर चढवला, वरची बाजू तापवली, खालची गार ठेवली आणि आडवे चुंबकीय क्षेत्र लावले, तर प्लॅटिनमच्या दोन टोकांमध्ये काही मायक्रोव्होल्ट दिसतात. क्षेत्र उलटे केले की त्यांचे चिन्हही उलटते. हा स्पिन सीबेक परिणाम.

मायक्रोव्होल्ट मिळवणे तसे अवघड नाही. बरी फिल्म आणि नॅनोव्होल्टमीटर असला की आठवड्याभरात तो दिसतो. तो स्पिन प्रवाहामुळेच आला, तारांच्या सांध्यातून, प्लॅटिनमच्या उसन्या चुंबकत्वातून किंवा चुंबकाच्या गुंडाळीतून नाही, हे दाखवण्यात खरे कष्ट आहेत. म्हणून या लेखात बनवण्याइतकीच जागा पडताळणीला दिली आहे.

घडते काय

स्लॅब टाकताना मजूर ओळीने उभे राहतात आणि काँक्रीटचे घमेले हातोहात वर जाते. माणूस जागचा हलत नाही, घमेले मात्र मजला चढते. यिगमधले लोहाचे अणू असेच जागेवर असतात. त्यांच्या चुंबकीय आघूर्णांचे डोलणे लाटेसारखे एका अणूकडून दुसऱ्याकडे जाते. या लाटेचा एक कण म्हणजे मॅग्नॉन, आणि प्रत्येक मॅग्नॉनबरोबर कोनीय संवेगाचे ठरलेले एक माप जाते. गरम बाजूला मॅग्नॉन जास्त, गार बाजूला कमी. त्यामुळे ते गरमकडून गारकडे सरकतात. विद्युतभार तसूभरही न हलता कोनीय संवेग वाहतो, आणि हाच स्पिन प्रवाह.

प्लॅटिनमच्या सीमेवर यिगमधले मॅग्नॉन आणि प्लॅटिनममधले मोकळे इलेक्ट्रॉन यांच्यात ही देवाणघेवाण होते आणि प्लॅटिनमच्या जाडीच्या दिशेने स्पिन प्रवाह उभा राहतो. प्लॅटिनम जड धातू आहे, त्यात इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा अंगचा कोनीय संवेग) आणि त्याची चाल एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. विरुद्ध स्पिनचे इलेक्ट्रॉन विरुद्ध दिशांना जात असले तरी दोन्ही एकाच बाजूला वळतात, त्या बाजूला भार साचतो आणि विभवांतर तयार होते. याला व्यस्त स्पिन हॉल परिणाम म्हणतात. सगळी मोजणी एका भूमितीवर उभी आहे: उष्णतेची दिशा, यिगच्या चुंबकनाची दिशा आणि व्होल्टेजची दिशा, तिन्ही एकमेकींना काटकोनात.

हा परिणाम पहिल्यांदा २००८ मध्ये जपानच्या केइओ विद्यापीठातल्या केन-इची उचिदा आणि एइजी साइतोह यांच्या गटाने निकेल-लोहाच्या फिल्मवर मांडला. त्या रचनेत उष्णता फिल्मच्या पातळीत आडवी वाहत होती. पुढे त्या आडव्या रचनेवर बराच वाद झाला, कारण उष्णता खालच्या आधाराकडेही झिरपते आणि वाहक चुंबकात लगेच नेर्न्स्ट परिणामाची (उष्णतेचा उतार आणि चुंबकीय क्षेत्र किंवा चुंबकन यांमुळे धातूतच तयार होणाऱ्या आडव्या व्होल्टेजची) भेसळ होते. २०१० मध्ये त्याच गटाने विद्युतरोधक यिग आणि उष्णता थेट जाडीतून जाणारी उभी रचना वापरली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने उभी रचनाच घ्यावी. इथे फक्त तीच दिली आहे.

नमुना

द्रव-प्रावस्था एपिटॅक्सीने (आधार द्रवात बुडवून त्यावर स्फटिकाचा थर चढवण्याच्या पद्धतीने) वाढवलेली यिगची फिल्म विकत मिळते. ५ मायक्रोमीटर जाडीची फिल्म, खाली ०.५ मिलिमीटर गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटचा (पुढे ‘जीजीजी’) आधार, (१११) या स्फटिक-पातळीत कापलेला, असा तुकडा घ्या. यिगचा जालक स्थिरांक १.२३७६ नॅनोमीटर, जीजीजीचा १.२३८३. म्हणूनच ही जोडी इतकी नीट जुळते. त्याहून जाड फिल्मने खोलीच्या तापमानाला काही फायदा होत नाही, कारण सीमेपासून फार दूरचे मॅग्नॉन तिथवर पोचतच नाहीत. उलट ५० नॅनोमीटरसारख्या पातळ फिल्मवर संकेत स्पष्टपणे घटतो.

द्रवात बुडवून वाढवलेल्या वेफरवर अनेकदा दोन्ही बाजूंना यिग असते. स्पिन सीबेकच्या मोजणीत मागच्या थराने फारसे बिघडत नाही. पण चुंबकमापीवर आघूर्ण दुप्पट येते आणि माणूस जाडी चुकली असे समजून बसतो. विकणाऱ्याला आधीच विचारा.

तुकडा ६ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद कापा. जीजीजी काचेसारखे सरळ तुटत नाही, हिऱ्याच्या करवतीने मंद गतीने कापावे लागते. कापताना लावलेले मेण नंतर कणभरही राहता कामा नये.

पृष्ठभाग: निम्मा संकेत इथेच जातो

स्पिनची देवाणघेवाण सीमेवरच्या एक-दोन अणुथरांत होते. तिथे नॅनोमीटरभर जाडीचा मळ, पॉलिशने मोडलेला थर किंवा हवेतून बसलेला कार्बन असला तर संकेत कित्येक पटींनी पडू शकतो. एकाच वेफरच्या दोन तुकड्यांवर वेगवेगळे आकडे आले की बहुतेक वेळा कारण पृष्ठभागाच्या तयारीत सापडते.

आधी ॲसिटोनमध्ये आणि मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये दहा-दहा मिनिटे अल्ट्रासॉनिक स्नान द्या. शुद्ध पाण्याने धुवा, नायट्रोजनच्या झोताने वाळवा, आणि हॉटप्लेटवर पूर्ण कोरडा करा. हे कोरडे करणे सुरक्षेसाठी आहे. पुढची पायरी पिरान्हा द्रावणाची आहे: तीन भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि एक भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. नमुन्यावर किंवा चिमट्यावर ॲसिटोन राहिला तर स्फोट होऊ शकतो. काचेचेच भांडे घ्या. आम्लात पेरॉक्साइड हळूहळू ओता, उलट कधीही नाही. मिश्रण आपोआप तापते. तोंडावर ढाल, आम्लरोधक हातमोजे आणि चालू फ्यूमहूड नसेल तर ही पायरी गाळा. वापरलेले द्रावण झाकण लावलेल्या बाटलीत भरू नका, त्यातून वायू निघत राहतो. नमुना काही मिनिटे बुडवला की पुरे, मग भरपूर शुद्ध पाणी.

त्यानंतर नमुना लगेच निर्वात चेंबरमध्ये घाला आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला तासभर तापवून पृष्ठभागावरचे पाणी घालवा. मुंबई-कोकणातल्या प्रयोगशाळांत पावसाळ्यात चेंबर उघडा राहिला की भिंती पाणी पितात आणि तळदाब उतरायला रात्र जाते. त्या दिवसांत लोड-लॉक (मुख्य चेंबर न उघडता नमुना आत घालण्याचा छोटा कप्पा) नसेल तर चेंबरही तापवून घ्या.

सफाईसाठी आर्गॉन आयनांचा मारा करण्याचा मोह टाळा. जोरदार माऱ्याने यिगचा वरचा थर स्फटिकरूप सोडून अस्ताव्यस्त होतो आणि नको तोच मृत थर तयार होतो. मारा करावाच लागला तर नंतर तापवून स्फटिकरचना सावरावी लागते.

प्लॅटिनमची पट्टी

नमुना पूर्ण गार झाल्यावर धातूचा मास्क लावून ५ मिलिमीटर लांब, १ मिलिमीटर रुंद पट्टी स्पटर करा, म्हणजे प्लॅटिनमच्या लक्ष्यावर आर्गॉन आयनांचा मारा करून उडालेले अणू नमुन्यावर बसवा. आर्गॉनचा दाब सुमारे ०.५ पास्कल. शक्ती इतकी कमी ठेवा की थर सेकंदाला ०.१ नॅनोमीटरने चढेल, म्हणजे ५० सेकंदांत काम होते आणि शटरच्या चुकीने जाडी फारशी बिघडत नाही. आधी शटर बंद ठेवून लक्ष्याचा पृष्ठभाग काही मिनिटे झिजवा.

पाचच नॅनोमीटर का? प्लॅटिनममध्ये स्पिन साधारण एक ते दोन नॅनोमीटरमध्ये विरतो. त्यापलीकडची जाडी संकेतात काही भर घालत नाही, उलट तयार झालेल्या विभवांतराला आडवाट देऊन ते खाली आणते. १५ नॅनोमीटरचा थर चालतो, पण संकेत घटतो. ३ नॅनोमीटरच्या खाली थर बेटांसारखा तुटक होण्याची भीती असते.

बाहेर काढल्यावर पहिले काम रोध मोजण्याचे. पातळ प्लॅटिनमची रोधकता सुमारे ४० मायक्रोओहम-सेंटिमीटर धरली तर ५ नॅनोमीटरला दर चौकोनामागे ८० ओहम येतात, आणि पाच चौकोनांच्या पट्टीला ४०० ओहम. ३०० ते ६०० मधला आकडा ठीक. मेगाओहम आला तर थर तुटका किंवा ओरखडलेला आहे. १०० आला तर जाडीचा हिशेब चुकला. खरी जाडी एका साक्षीदार तुकड्यावर क्ष-किरण परावर्तनाने मोजून घ्या.

बसवणी, आणि तापमानाचा फसवा फरक

खालून वर रचना अशी: पेल्टिअरवर (विजेवर एक बाजू गार करणाऱ्या घटकावर) किंवा पाण्याने गार केलेल्या ठोकळ्यावर तांब्याचा तळ, त्यावर थर्मल ग्रीसचा पातळ हात, नमुना (यिगची बाजू वर), पुन्हा ग्रीस, ४ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद, ०.५ मिलिमीटर जाडीची नीलमची पट्टी, पुन्हा ग्रीस, आणि वर ५ ग्रॅमचा तांब्याचा ठोकळा, त्यात १०० ओहमचा रोधक तापक म्हणून. नीलम हवाच, कारण तांबे थेट प्लॅटिनमवर टेकले तर पट्टी शॉर्ट होते. पट्टीची दोन्ही टोके नीलमच्या बाहेर अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळी राहतात, तारा तिथे लावायच्या.

आता हिशेब करू, कारण या विषयातली सगळ्यात मोठी चूक इथे होते. जीजीजीची उष्णतावाहकता खोलीच्या तापमानाला साधारण ७.५ वॉट प्रति मीटर-केल्विन. नमुन्यावर ५ केल्विनचा फरक हवा असेल तर ०.५ मिलिमीटर जाडीतून दर चौरस मीटरला ७५,००० वॉट जायला हवेत. आपले क्षेत्रफळ ८ चौरस मिलिमीटर, म्हणजे ०.६ वॉट. तापकाला सुमारे ७.७ व्होल्ट दिले की झाले.

पण हीच उष्णता ग्रीसमधूनही जाते. २० मायक्रोमीटर जाडीचा आणि १ वॉट प्रति मीटर-केल्विन वाहकतेचा एक हात १.५ केल्विन खातो. असे तीन हात, म्हणजे ४.५ केल्विन. नीलम आणखी सुमारे १ केल्विन. दोन ठोकळ्यांतले तापमापक १०.५ केल्विनच्या आसपास फरक दाखवतात आणि नमुन्याला त्यातला निम्माही मिळत नाही. त्या ५ केल्विनमधला यिगच्या ५ मायक्रोमीटर फिल्मवर पडणारा वाटा किती? एका केल्विनचा विसावा भाग. पुन्हा बसवताना ग्रीस थोडे जाड लागले की त्याच ‘तापमान फरकाला’ वेगळा व्होल्टेज येतो, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत ते यामुळेच.

उपाय एकच: ठोकळ्यांमधल्या तापमान फरकाऐवजी नमुन्यातून गेलेला उष्णता प्रवाह मोजा आणि तोच लिहा. इटलीतल्या तुरिनच्या राष्ट्रीय मापनशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी याच पद्धतीचा आग्रह धरला आहे. सोपा मार्ग म्हणजे निर्वातात मोजणे आणि तापकाला दिलेली शक्ती वापरणे. हवेत ठोकळा २० केल्विनने गरम असेल आणि त्याचा उघडा पृष्ठभाग ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर संवहनाने ०.०८ वॉट उडून जातात, म्हणजे ०.६ वॉटमधले तेरा टक्के. दाब ०.०१ पास्कलच्या खाली नेला की ही गळती जाते. तापकाच्या तारा जाड तांब्याच्या नकोत, बारीक मँगॅनिनच्या किंवा फॉस्फर-ब्राँझच्या घ्या. दुसरा मार्ग म्हणजे अंशांकन केलेला पेल्टिअर उष्णता-प्रवाह मापक म्हणून नमुन्याखाली बसवणे.

तापमापकाच्या बाबतीत एक छोटी गोष्ट. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये ॲल्युमेल असते आणि ते निकेलप्रधान, चुंबकीय असते. चुंबकाच्या पोलमध्ये ते वापरू नका. टी प्रकार, म्हणजे तांबे आणि कॉन्स्टंटन, घ्या.

तारा आणि व्होल्टेज

प्लॅटिनमच्या टोकांवर २५ मायक्रोमीटर जाडीची सोन्याची किंवा बारीक तांब्याची तार चांदीच्या पेस्टने चिकटवा. दोन्ही तारा एकाच रिळातल्या, सारख्याच लांबीच्या. तांबे आणि प्लॅटिनम यांच्या सीबेक गुणांकांत केल्विनमागे सुमारे ७ मायक्रोव्होल्टचा फरक आहे. पट्टीच्या एका टोकाचे तापमान दुसऱ्यापेक्षा ०.१ केल्विन जास्त असले की ०.७ मायक्रोव्होल्ट फुकटचे येतात. हे टाळता येत नाही, पण ते चुंबकीय क्षेत्राबरोबर चिन्ह बदलत नाहीत, म्हणून पुढे वजा होतात.

तारा एकमेकींत पीळ देऊन बाहेर आणा. क्षेत्र सेकंदाला १० मिलिटेस्लाने बदलत असेल आणि तारांनी १ चौरस सेंटिमीटरचा फास केला असेल, तर त्यात १ मायक्रोव्होल्ट प्रेरित होतो, म्हणजे जवळजवळ आपल्या संकेताएवढा. पीळ द्या, आणि शिवाय क्षेत्र थांबवून मगच वाचन घ्या. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून नॅनोव्होल्टमीटरचा समाकलन काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा. १० पट, म्हणजे २०० मिलिसेकंद, उत्तम चालतात. ४०० ओहमच्या पट्टीचा स्वतःचा औष्णिक गोंगाट एका हर्ट्झच्या पट्ट्यात २.६ नॅनोव्होल्टच्या आसपास येतो, तेव्हा गोंगाट त्याहून कितीतरी जास्त दिसला तर दोष जोडणीत शोधा.

मोजणीचा क्रम

तापक चालू केल्यावर थांबा. ५ ग्रॅम तांबे आणि एवढा औष्णिक रोध असला की कालस्थिरांक अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतो. तीन-चार मिनिटांत ठोकळा स्थिरावतो, पण तळाचा ठोकळा आणि पेल्टिअरचे नियंत्रण सावकाश असते. वीस मिनिटे द्या.

क्षेत्र पट्टीला आडवे, फिल्मच्या पातळीत. ते −१०० मिलिटेस्लापासून +१०० पर्यंत आणि परत, बाहेरच्या भागात ५ मिलिटेस्लाच्या पायऱ्यांनी आणि शून्याच्या दोन्ही बाजूंना १० मिलिटेस्लाच्या आत १ च्या पायऱ्यांनी. प्रत्येक पायरीवर दहा वाचने. असे तीन फेरे घेऊन सरासरी काढा. दोन्ही बाजूंच्या संपृक्त व्होल्टेजमधल्या फरकाचा निम्मा भाग हा संकेत. उच्च क्षेत्रात रेषा थोडी कललेली दिसली तर तो कल सरळ रेषा बसवून वजा करा, त्यात प्लॅटिनमचा साधा नेर्न्स्ट परिणाम असू शकतो.

मग तापकाची शक्ती ०, ०.१५, ०.३, ०.४५ आणि ०.६ वॉट अशी बदला. संकेत शक्तीच्या प्रमाणात वाढायला हवा आणि रेषा शून्यातून जायला हवी. शून्य शक्तीला संकेत उरला तर चुंबकाच्या गुंडाळ्या तापून नमुन्यात उतार तयार करत आहेत. त्यांचे पाणी सुरू आहे का ते बघा.

आपल्या मापांच्या नमुन्यात एक ते दहा मायक्रोव्होल्ट येतात. शंभर नॅनोव्होल्टच्या खाली असाल तर बसवणी आधी तपासा, मग पृष्ठभाग.

तो स्पिनचाच आहे का

इथे घाई करू नका. खालच्या चाचण्यांपैकी पहिल्या तीन रोजच्या आहेत. पुढच्यांना नवे नमुने लागतात, पण त्यांच्याशिवाय दावा अपुरा राहतो.

उष्णतेची दिशा उलटा. तळ तापवा, वरचा ठोकळा गार करा. चिन्ह उलटले पाहिजे.

क्षेत्र फिल्मच्या पातळीत ३६० अंश फिरवा, दर १० अंशांना वाचन. पट्टीला काटकोनात असताना संकेत कमाल, पट्टीला समांतर असताना शून्य, आणि पूर्ण फेरीत एकच लाट. फेरीत दोन लाटा दिसल्या तर उतार पातळीत झुकला आहे आणि प्लॅनर नेर्न्स्टसारखा परिणाम मिसळला आहे. क्षेत्र फिल्मला लंब केले तर संकेत नाहीसा व्हावा. पण यिगला लंब दिशेने संपृक्त करायला १७५ मिलिटेस्लापेक्षा जास्त लागतात, तेव्हा ही चाचणी ३०० मिलिटेस्लाला करा, नाहीतर चुंबकन अर्धवट पातळीतच राहते आणि निष्कर्ष चुकतो.

यिगशिवाय नुसत्या जीजीजीवर तीच पट्टी, तीच जोडणी. खोलीच्या तापमानाला काहीच दिसायला नको. दिसले तर ते तारांचे किंवा चुंबकाचे आहे, आणि मूळ आकड्यातही ते मिसळलेले आहे.

प्लॅटिनमऐवजी टंगस्टन टाका. टंगस्टनचा स्पिन हॉल कोन (स्पिन प्रवाहाचे व्होल्टेजमध्ये किती आणि कोणत्या दिशेने रूपांतर होते त्याचे माप) प्लॅटिनमच्या उलट चिन्हाचा, त्यामुळे लूप, म्हणजे क्षेत्राविरुद्ध काढलेला व्होल्टेजचा वक्र, उलटी झाली पाहिजे. आमच्या मते ही सगळ्यात बोलकी चाचणी आहे. उष्णता तीच, यिग तेच, तारा त्याच, तरीही चिन्ह उलटते. तारांच्या सीबेक व्होल्टेजला किंवा फासातल्या प्रेरणेला हे जमणार नाही. टंगस्टनचा थर जास्त रोधाचा येतो आणि हवेत गंजतो, म्हणून वर काही नॅनोमीटर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे झाकण घाला.

शेवटची अडचण सगळ्यात नाजूक. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने प्रश्न उभा केला की यिगला चिकटलेले प्लॅटिनम शेजाराने स्वतःच थोडे चुंबकीय होत असेल, तर दिसणारा व्होल्टेज प्लॅटिनममधल्याच असंगत नेर्न्स्ट परिणामाचा (धातूच्या स्वतःच्या चुंबकनामुळे होणाऱ्या नेर्न्स्टचा) नाही कशावरून? भूमिती तीच, चिन्हाचे नियमही तेच, म्हणून वरच्या बहुतेक चाचण्या इथे कमी पडतात. २०१३ मध्ये जपानमधल्या गटाने यावर दोन मार्ग वापरले. एक, प्लॅटिनमच्या जागी सोने, जे सहजासहजी चुंबकीय होत नाही, आणि त्यातही संकेत सापडला. दुसरा भूमितीचा: उष्णता फिल्मच्या पातळीत आणि चुंबकन फिल्मला लंब. या मांडणीत स्पिन सीबेकचा संकेत तयार होऊ शकत नाही, पण प्लॅटिनम खरेच चुंबकीय असेल तर नेर्न्स्टचा दिसेल. तिथे जवळजवळ काही सापडले नाही, म्हणजे उभ्या रचनेतला संकेत मुख्यतः स्पिनचाच. सोय असेल तर आणखी एक करता येते: यिग आणि प्लॅटिनमच्या मध्ये काही नॅनोमीटर तांबे. तांबे स्पिन जाऊ देते पण चुंबकीय शेजार तोडते. तांबे आडवाट देते म्हणून संकेत घटतो, आणि किती घटायला हवा हे रोधांवरून आधीच मांडून ठेवावे लागते. दोन्ही थर निर्वात न मोडता टाका, मध्ये तांबे गंजले तर चाचणीला अर्थ उरत नाही.

लूपचा आकार बिघडला तर

फिल्मऐवजी १ मिलिमीटर जाडीचा यिगचा ठोकळा घेतला असेल, तर शून्याजवळ व्होल्टेज चुंबकमापीवरच्या वक्राशी जुळत नाही: चुंबकन वाढते, संकेत मात्र मागे राहतो. बसवणी मोडून पुन्हा करू नका. ठोकळ्याच्या पृष्ठभागाचे चुंबकन आतल्यापेक्षा वेगळे वागते, आणि प्लॅटिनमला फक्त पृष्ठभाग दिसतो. संपृक्ततेतला आकडा घ्या.

वाचन एकाच दिशेने हळूहळू सरकत असेल तर तो तापमानाचा वाहता फरक आहे. जाण्याच्या आणि येण्याच्या फेऱ्यांची सरासरी घेतली तर सरळ सरकणे कटते, पण वळणारे सरकणे कटत नाही, तेव्हा आणखी थांबा. मधूनच उडी आली तर चांदीच्या पेस्टचा सांधा सुटतो आहे. फेरीपूर्वी आणि नंतर पट्टीचा रोध मोजण्याची सवय ठेवली की हे लगेच कळते.

तापक न लावता

वेगळा तापक नको असेल तर पट्टीतूनच प्रत्यावर्ती प्रवाह सोडून तिलाच तापवता येते. तापणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात होते, म्हणून स्पिन सीबेकचा संकेत दुप्पट वारंवारतेवर, ९० अंशांच्या कलेने लॉक-इनवर (ठरावीक वारंवारतेचाच संकेत वेचणाऱ्या मापकावर) मिळतो, आणि रोधाचा मोठा व्होल्टेज मूळ वारंवारतेवरच राहतो. वारंवारता २० हर्ट्झच्या खाली ठेवा. त्याहून वर जावेच लागले तर ५० हर्ट्झ किंवा २५ हर्ट्झ निवडू नका, कारण २५ ची दुप्पट विजेच्याच वारंवारतेवर पडते. ही पद्धत क्रायोस्टॅटमध्ये (नमुना अतिथंड ठेवणाऱ्या पात्रात) फार सोयीची, पण इथे यिगमधला उतार थेट मोजता येत नाही. तुलना करायला चांगली, निरपेक्ष गुणांकासाठी नाही.

आकडा लिहिताना

संकेताला आधी लांबीने भागा, आणि इथे लांबी म्हणजे नीलमखालची तापलेली ४ मिलिमीटर, तारांमधली नाही. मोकळ्या टोकांत उतार जवळजवळ नसतो. समजा ४ मायक्रोव्होल्ट आले, तर क्षेत्र दर मीटरला १ मिलिव्होल्ट. त्याला ७५,००० वॉट प्रति चौरस मीटरने भागले की सुमारे १३ नॅनोव्होल्ट-मीटर प्रति वॉट. सोबत प्लॅटिनमची जाडी, पट्टीचा रोध, नमुन्याचे सरासरी तापमान आणि पृष्ठभाग कसा तयार केला हे लिहा. नुसते ‘मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन’ लिहिले तर वाचणाऱ्याला त्या केल्विनमध्ये तुमचे ग्रीस किती हे कळायचा मार्ग राहत नाही.

क्रायोस्टॅटमध्ये नेल्यावर जाड यिगमध्ये संकेत आधी वाढतो, ७५ केल्विनच्या आसपास शिखर गाठतो आणि मग उतरतो. पातळ फिल्ममध्ये शिखर वरच्या तापमानाकडे सरकते. वरच्या टोकाला, ५६० केल्विनजवळच्या क्यूरी तापमानाला, तो शून्य होतो. काही केल्विनपर्यंत खाली गेलात तर जीजीजीवरच्या कोऱ्या पट्टीची चाचणी तिथे पुन्हा करा. जीजीजी पराचुंबकीय आहे, आणि मोठ्या क्षेत्रात व कमी तापमानाला ते स्वतःच प्लॅटिनममध्ये स्पिन प्रवाह सोडते. खोलीच्या तापमानाला मिळालेले शून्य तिथे लागू पडत नाही.